आज भाजी काय होती?

बोललं की मला दम लागतो, लिहिलं की लागत नाही. म्हणून लिहायला बसले. नाहीतर मी कसली लिहिणारी? सातवीपर्यंत शाळा झाली आणि पुढचा सगळा जन्म तोंडाच्या जोरावर काढला. चाकणच्या अलीकडं कुरुळीत माझी खानावळ होती. कंपनीतली एकटी राहणारी पोरं शिफ्ट सुटली की जेवायला यायची आणि भाकरीला जरा उशीर झाला की ताटं वाजवायची. मग मी आतून एक आवाज दिला की सगळी चिडीचूप. "मावशीचा आवाज म्हणजे कंपनीचा भोंगा," म्हणायची मेली. तो भोंगा आता बंद पडलाय. नाकात नळी आहे, नळीच्या टोकाला घरघरणारं मशीन आहे, आणि नळी पुरेल तेवढंच माझं फिरणं.

ज्यांच्या घरात असं नळी लावलेलं माणूस आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. औषधाचं डॉक्टरांना विचारा, त्यातलं मला कळत नाही. माझ्या घरात काय झालं तेवढं मी सांगते. वाचून एखाद्या घरात जरी ते टळलं तरी पुष्कळ.

माझे यजमान मारुतराव. आमच्या परभणीकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, उखाण्यात घेतलं तेवढंच. पण इथं पानभर 'हे' आणि 'ह्यांनी' करत बसले तर वाचणाऱ्याचाच जीव जायचा. आणि आता नाव घेतलं म्हणून रागावणारं कोणी नाही. कुरुळीतच रफिकभाईंचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, तिथं मारुतराव गॅस कटर होते. ऑक्सिजनची टाकी, शेजारी जळणाऱ्या गॅसची टाकी, हातात टॉर्च, की बोटभर जाडीची लोखंडी प्लेट मी गाजर चिरावं तशी चिरायचे. बोलायचे कमी. त्यांच्या वाटणीचंही मीच बोलून घ्यायचे.

धूर

छाती जाते ती बिडी ओढणाऱ्यांची, असं सगळे म्हणतात. मी बिडीला कधी हात लावला नाही. पण आमच्या भागात कंपन्यांना मशिनं येतात ती मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून. मशीन आत गेलं की खोकी भंगारात. ती फळकुटं कुरुळीत ढिगानं मिळायची. इतक्या माणसांचा स्वयंपाक सिलिंडरवर कुणाला परवडतो? मी ती पॅकिंगची लाकडं चुलीत घालायचे. कसल्या कसल्या औषधात भिजवलेली लाकडं ती, वाळवी लागू नये म्हणून. धूर असा यायचा की डोळे चरचरायचे, घसा कडू व्हायचा. वर पत्रा, खिडकी एक, तीही शेजारच्या भिंतीकडं उघडणारी. मी म्हणायचे, धूर आहे म्हणजे चूल पेटलीय, चूल पेटलीय म्हणजे घर चाललंय.

खोकला आला तो असाच सवयीचा झाला. मग दम लागायला लागला. पाण्याची कळशी उचलली की टेकावं लागे. वय झालं म्हणायचं आणि पुढं चालायचं. सकाळी उठलं की डोकं असं ठणकायचं की जणू कुणी आतून ठोकतंय. मी चहा पिऊन गोळी घ्यायचे. पुढं कळलं की ते डोकं दुखणं हीच खरी हाक होती. पण आपल्याकडं बाईचं डोकं दुखतं ही काय बातमी आहे?

नव्वद पुरे

एक दिवस जेवणाच्या घाईत मी एका पोराला झापत होते. भाजी ताटात टाकून उठला होता. "अरे, अन्नाला असं" एवढं म्हणाले आणि पुढचा शब्दच येईना. तोंड उघडं, हवा नाही. पोरगं आधी हसलं, त्याला वाटलं मावशी नाटक करतेय. मग माझे ओठ बघून पळालं मारुतरावांना आणायला.

पिंपरीच्या दवाखान्यात नेलं. तिथं रक्त घेतलं, पण नेहमीसारखं कोपरातून नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथं नाडी बघतात तिथं खोल सुई घालतात. आई गं! दोन बाळंतपणं झालीत माझी, एक मुलगा पोटातच गेला, पण त्या सुईला मी जी शिवी घातली ती ऐकून सिस्टरनं कानावर हात ठेवले. ते रक्त बर्फात ठेवून लगेच मशीनवर नेतात आणि त्यात किती चांगली हवा आहे, किती वाईट, ते बघतात.

वॉर्डात एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. कागद घेऊन माझ्या खाटेवर बसल्या. "मावशी, चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला?"

"लग्न झाल्यापासून. चूल आमची अन्नदाती."

"स्वयंपाकघराला धुराडं होतं?"

"छे हो."

"मग तसंच झालंय बघा तुमच्या छातीचं. श्वासाची कामं दोन. चांगली हवा आत घ्यायची आणि वापरलेली बाहेर टाकायची. तुमची आत थोडीफार जाते, पण बाहेर टाकायचं धुराडं बुजलंय. वापरलेली हवा रक्तात साठते. ती चाळीसच्या आसपास असावी लागते, तुमची साठच्या वर आहे. श्वसन निकामी व्हायला लागलंय म्हणतात त्याला."

निकामी हा शब्द मला लागला. भंगारवाल्याला देतात ते निकामी. मी मारुतरावांकडं पाहिलं, ते कागदाकडं बघत होते. आमची एकुलती लेक रेखा तोंडाला ओढणी लावून रडत होती. तिला पुनावळ्यात दिलीय, ती ड्युटी सोडून धावत आली होती. "बरं होईल का?" एवढंच तिनं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "गेलेलं परत येत नाही. आहे ते सांभाळायचं."

घरी सोडताना ऑक्सिजनचं मशीन लावून दिलं. मॅडमनी तिघांना समोर उभं करून सांगितलं होतं, ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. "फ्लो एकवर ठेवायचा. बोटावरचं यंत्र नव्वदच्या आसपास दाखवेल, नव्वद पुरे. कोविडमध्ये ऐकलं ते पंच्याण्णव-सत्त्याण्णव इथं विसरायचं. ह्यांच्या शरीराला इतकी वर्षं थोडक्यात भागवायची सवय लागलीय. गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर वाईट हवा आणखी साठेल. आणि ती बोटावरच्या यंत्रात दिसत नाही."

मारुतरावांनी मान डोलावली. रेखानं डोलावली. मीही डोलावली. कुणाच्या डोक्यात किती शिरलं ते नंतर कळलं.

पहिला गुरुवार

आमच्या एमआयडीसीला सुट्टी गुरुवारची. मारुतराव घरी होते. दुपारी जेवणं झाल्यावर मी पडले, त्यांनी माझ्या बोटाला यंत्र लावलं. एकोणनव्वद. थोड्या वेळानं अठ्ठ्याऐंशी. मॅडमच्या हिशेबानं ठीकच होतं ते. पण कोविडात आमच्या चाळीतली तीन माणसं गेली, त्यातला एक मारुतरावांचा सख्खा भाऊ. तेव्हा आकडा पंच्याण्णवच्या खाली आला की घराघरात रडारड सुरू व्हायची. तो धाक काय एका दिवसात जातो?

आणि दुसरं म्हणजे त्यांचा धंदा. टॉर्चची ज्योत पिवळी पडली, काजळी धरायला लागली की कटर काय करतो? ऑक्सिजनची चावी जरा सैल करतो. ज्योत निळी होते, सरळ होते, लोखंड लोण्यासारखं कापलं जातं. सगळी हयात हाच हात त्यांनी चालवला. माझा चेहरा पिवळा पडलेला, ओठ काळपट. बायको विझायला लागलीय आणि चावी हाताशी आहे. त्यांनी ती फिरवली. मशीनवर काचेच्या नळीत एक छोटी गोळी असते, ती एकवरून पार पाचवर गेली.

मी अर्ध्या डोळ्यांनी बघितलं त्यांना ते करताना. बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू? छातीत गारवा उतरला. मारुतरावांनी विचारलं, "कसं वाटायलंय?" मी म्हणाले, "लई छान." हे माझं त्या दिवसाचं शेवटचं वाक्य.

पुढचं सगळं मला इतरांनी सांगितलेलं. मला झोप लागली. आकडा चढत सत्त्याण्णववर गेला. माझे गाल लाल झाले, हात ऊबदार झाले. मारुतराव हरखून गेले. रेखाला फोन केला, "अगं, सत्त्याण्णव आलंय! तुझी आई कशी गाढ झोपायलीय बघ. तोंडावर तेज आलंय." ड्युटीच्या घाईत तिनं अर्धंच ऐकलं. टीव्ही बंद केला. आमची घरमालकीण तानूबाई, कुरुळीतलीच जुनी म्हातारी, दारात कुणाशी मोठ्यानं बोलत होती, तिला बाहेर जाऊन हात जोडले. "तानूबाई, जरा हळू. किती दिसांनी झोपलीय." ती म्हणाली, "व्हय रं बाबा, झोपू दे तिला." गल्लीतल्या पोरांचा चेंडू त्यांनी काढून घेतला. आणि पलंगाजवळ खुर्ची घेऊन वर्तमानपत्रानं मला वारा घालत बसले.

विष चढत होतं आणि माझा नवरा मला वारा घालत होता. हे वाक्य लिहिताना मला दोनदा थांबावं लागलं.

चहाच्या वेळेला रफिकभाई मला बघायला आले. हातात शहाळं. म्हणाले, "भाभीला उठवा, बोलून जातो."

"नको, झोपू दे."

"अहो मारुतराव, भाभी घोरतायत ते काही बरं वाटत नाही मला. लाळ बघा." त्यांनीच मला हाक मारली. मग दोघांनी मारली. मग गदागदा हलवलं. मी उठले नाही. चिमटा काढला तरी हूं की चूं नाही.

रफिकभाईंच्या टेम्पोत पाइप भरलेले होते. त्यांनी ते रस्त्यावरच ओतले आणि मला आत घातलं. नाशिक रस्त्याचं ट्रॅफिक तुम्हाला माहीतच आहे. गुरुवार होता म्हणून पोहोचले, असं रेखा म्हणते.

मास्क

शुद्धीवर आले तेव्हा तोंडावर घट्ट पट्ट्यांनी बांधलेला मास्क होता आणि तो माझ्या छातीत जबरदस्तीनं हवा कोंबत होता. मला वाटलं मला कुणी उशीनं दाबतंय. मी तो ओढून काढला. सिस्टरनं परत बांधला. मी परत ओढला. तेव्हा माझे हात बांधले. ह्या वयात हात बांधून घ्यायची पाळी आली. रडायलाही येईना, मास्कच्या आत रडलं की नाक चोंदतं आणि जीव आणखीनच घाबरतो.

असा मास्क कुणाला लागला तर एक सांगते. मशीनशी भांडू नका. ते फुंकतं तेव्हा घ्यायचं, सोडतं तेव्हा सोडायचं. जात्याला लय असते तशी त्यालाही असते, ती सापडेपर्यंत पहिला एक-दोन दिवस नरक आहे. मग जमतं. मला हे एका आयाबाईनं शिकवलं. ती माझ्या कपाळावर हात ठेवून "आता घ्या, आता सोडा" म्हणत उभी राहायची. मास्क काढायची परवानगी मिळाली की चमच्यानं चहा पाजायची. एकदा तिनं माझे केस विंचरले, गुंता हळूच सोडवत, मुळाशी धरून. आईनंतर तसं कुणी विंचरलं नव्हतं.

मनगटातली ती सुई रोज व्हायची. रक्तातल्या वाईट हवेचा आकडा ऐंशीच्या वर गेला होता, तो हळूहळू खाली येत होता. मॅडम म्हणाल्या, "मावशी, आणखी थोडा उशीर झाला असता तर तुम्ही झोपेतच गेला असता." म्हणजे किती सोपं मरण असतं बघा ते. काही दुखत नाही, काही खुपत नाही. बघणाऱ्यालाही वाटतं, चला, डोळा लागला एकदाचा.

बाहेर काय घडत होतं ते मला उशिरा कळलं. मॅडमनी विचारलं होतं, "फ्लो कुणी वाढवला?" मारुतराव म्हणाले, "मी." रेखा तिथंच त्यांच्यावर ओरडली, सगळ्या लोकांसमोर. "पप्पा, नव्वद पुरे म्हणून सांगितलं होतं ना? कितीदा सांगितलं होतं! तुम्हाला काय लोखंड वाटली का माझी आई?" ते जिन्यात जाऊन बसले. रफिकभाईंनी आणलेला डबा तसाच परत गेला.

मला भेटायला आले तेव्हा खाटेच्या पायथ्याशी उभे. माझ्याकडं बघतच नव्हते, मशीनकडं बघत होते. मी मास्कमध्ये. शंभर गोष्टी बोलायच्या होत्या आणि एक शब्द फुटत नव्हता. बोटानं खूण केली, जवळ या. ते आले नाहीत. चपला हातात घेऊन उभे होते, देवळाच्या बाहेर असल्यासारखे.

हूं

घरी आल्यावर त्यांनी मशीनच्या त्या चावीला परत कधी हात लावला नाही. रेखानं त्यावर चिकटपट्टी लावून टाकली होती, पण नसती लावली तरी लावला नसता. मशीनच्या चावीला हात न लावणं समजू शकते मी. पण त्यांचा धंदाही गेला. रफिकभाई एकदा हळूच म्हणाले, "भाभी, मारुतरावांच्या हातात टॉर्च दिला की चावीपाशी येऊन हात मागं घेतात. पेटवतच नाहीत. मी त्यांना खडूनं मार्किंग करायला लावलंय." ज्या माणसाला लांबलांबच्या वर्कशॉपमधून बोलवायला यायचे, तो खडूनं रेघा ओढत होता.

मी किती सांगितलं! माझ्या पद्धतीनं सांगितलं, आधी प्रेमानं, मग चिडून. "अहो, तुम्ही काय मुद्दाम केलं का? माझ्या जिवासाठीच केलं ना? झालं ते झालं."

"हूं."

"मॅडम तर म्हणाल्या, छातीत इन्फेक्शनही होतं. तुम्ही नसतं वाढवलं तरी ॲडमिट व्हावंच लागलं असतं."

"हूं."

"माझी काही तक्रार आहे का? मग तुम्ही कशाला जाळून घेताय स्वतःला?"

"हूं."

पत्र्यावर पाणी पडावं तसं माझं बोलणं वरून ओघळून जायचं. मला राग यायचा. माफ केलंय म्हटल्यावर माणसानं माफ करून घेऊ नये का? रेखा त्यांच्याशी बोलायची, पण कामापुरतं. 'औषध दिलं का', 'मशीन पुसलं का'. त्या दोघांच्या मधे मी, आणि माझ्याकडं भांडण मिटवायलाही श्वास शिल्लक नव्हता.

मॅडमनी घरी सोडताना आणखी एक सांगितलं होतं. ह्या नुसत्या झोपून राहिल्या, गुंगीत दिसल्या, असंबद्ध बोलल्या की समजायचं वाईट हवा साठतेय. अशा वेळी उठवायचं, हात पुढं करायला लावायचे, बोटं फडफडतात का बघायचं, आणि साधा प्रश्न विचारायचा. हे एवढं मात्र मारुतरावांच्या डोक्यात पक्कं बसलं. कामावर अर्धा दिवसच जायचे. दुपारी मी पडले की पलंगाजवळ ती प्लास्टिकची खुर्ची घेऊन बसायचे. माझा डोळा लागायचा अवकाश.

"नंदा. ए नंदा. उठ."

"काय आहे?"

"हात पुढं कर."

मी ट्रॅफिक पोलिसासारखे दोन्ही हात पुढं करायचे. ते चष्मा पुसून माझी बोटं निरखायचे. मग विचारायचे, "आज भाजी काय होती?"

खानावळीतली पोरं दारातून आत येता येता हेच विचारायची. आयुष्यभर मी ह्याच प्रश्नाला उत्तर देत आलेली.

"दोडका. झालं? झोपू का आता?"

"झोप."

आणि परत थोड्या वेळानं तेच. मी किती शिव्या दिल्या असतील! "मेल्यावर तरी झोपू द्याल ना?" असं म्हणायचे. "खमंग धपाटा घालीन" म्हणायचे. ते ऐकून घ्यायचे. शिवी जितकी कडक तितका त्यांचा चेहरा मोकळा व्हायचा, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

एकदा मी चेष्टा केली. "भाजी काय होती?" त्यांनी म्हटल्यावर मी म्हणाले, "बासुंदी. आणि जिलेबीचा रस्सा." त्यांचा चेहरा असा पांढराफटक पडला की बस. टेम्पोसाठी रफिकभाईंना फोन लावत अनवाणी बाहेर पळाले. मी ओरडले, "अहो, गंमत केली!" पण माझा आवाज आता दारापर्यंत पोहोचतो कुठं? तानूबाईनं त्यांना थांबवलं. परत आले, खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्या माणसाला रडताना पाहिलं. मी त्यांचं डोकं पोटाशी धरलं. नळी मधे येत होती. त्यानंतर मी खरीच भाजी सांगत गेले.

दुसरा गुरुवार

मटारचे दिवस होते. गुरुवारच होता. जेवून मी पडले, ते खुर्चीत बसले. म्हणाले, "आज थंडी जास्तीय का गं?" मी म्हणाले, "शाल घ्या." डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरून दारापाशी आलं होतं. म्हणजे बराच वेळ झाला होता. आणि मला कुणी उठवलं नव्हतं! हात पुढं करायला लावले नव्हते, भाजी विचारली नव्हती. पोटभर झोप झाली होती, डोकं हलकं होतं. मान वळवून पाहिलं तर मारुतराव खुर्चीतच, शाल गुंडाळून, हनुवटी छातीवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला. झोपले होते.

मला इतकं बरं वाटलं. वाटलं, चला, सुटला एकदाचा हा माणूस त्या धाकातून. दवाखान्यातून आल्यापासून त्यांना धड झोप नव्हती. झोपू दे बापड्याला.

मी आवाज न करता उठले. तानूबाई दारात भाजीवाल्याशी घासाघीस करत होती. मी तोंडावर बोट ठेवून खूण केली, हळू. ती कुजबुजली, "झोपलाय व्हय? झोपू दे." मी तिच्याकडून मटार घेतले आणि त्यांच्या शेजारीच जमिनीवर बसून सोलायला लागले. टरफलं परातीत पडू दिली नाहीत, आवाज होईल म्हणून. पदरात टाकली. मधेच वर बघायचे त्यांच्याकडं. किती दिवसांनी कपाळावर आठी नव्हती. मी मनात म्हणत होते, आज मीच उठवीन ह्यांना. म्हणीन, हात पुढं करा. मग म्हणीन, विचारा की, आज भाजी काय?

दाणे सोलून झाले. चहा टाकला. कप घेऊन आले आणि म्हणाले, "अहो, उठा. हात पुढं करा."

हाताला हात लावला तर गार.

डॉक्टरांनी सांगितलं हृदय बंद पडलं, झोपेतच. कधी? ते नक्की सांगता येत नाही म्हणाले. मी जागी झाले तेव्हा गेलेच होते का, का अजून होते, ते मला कळायला मार्ग नाही. "तुम्ही लगेच उठवलं असतं तरी फरक पडला नसता, मावशी," असं ते म्हणाले. रफिकभाई म्हणाले, "भाभी, नसीब." आता रेखा सांगत असते. "आई, तुला कसं कळणार होतं? तू काय मुद्दाम केलंस का? त्यांना आराम मिळावा म्हणूनच ना?"

मी म्हणते, "हूं."

आता

हे 'हूं' माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं तेव्हा मी दचकले. मग कळलं मला मारुतरावांचं. मी त्यांना माफ केलं होतं, त्यात खोट नव्हती. पण ते माफी मागतच नव्हते माझ्याकडं. त्यांना ती दुपार परत हवी होती. आता मला माझी हवी आहे, आणि ती कुणाकडं मागायची?

रेखानं मला पुनावळ्याला आणलंय. सातवा मजला आहे, वारा चांगला येतो, धुराचं नाव नाही. पहिले काही दिवस ती बापाच्या फोटोसमोर उभी राहायची आणि एकदम रडायला लागायची. "लोखंड वाटली का" हे वाक्य तिला छळतं. मी काय सांगू तिला? सांगितलं तर तीही हूंच म्हणेल. आम्हा मायलेकींना एकच दुखणं झालंय.

माझी तब्येत आहे तशीच. एकवर फ्लो, आता घरीही रात्रभर तोच मास्क, नव्वद. दुपारी रेखा ड्युटीवर असते, फोन करते. "आई, उठलीस का?" भाजीचं विचारत नाही. मी दुपारी पडते खरी, पण आता झोप लागत नाही. कुणी उठवणारं नसलं की झोपायची भीती वाटते, हे मला माहीत नव्हतं.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर एवढं करा. चावीला स्वतःच्या मनानं हात लावू नका, कितीही जीव तुटला तरी. बोटावरचा आकडा चांगला आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. सकाळी डोकं ठणकत असेल, दिवसा नुसती झोप येत असेल, तर दवाखाना गाठा. आणि सांभाळणाऱ्या माणसाचीही छाती तपासून घ्या कधीतरी. सगळं घर आजारी माणसाकडं बघत असतं, शेजारच्या खुर्चीकडं कुणी बघत नाही. आम्हीही बघितलं नाही.

आणि आपलं माणूस गाढ झोपलेलं दिसलं, मग ते पलंगावर असो की खुर्चीत, तर 'झोपू दे बापड्याला' म्हणू नका. एकदा हाक मारा. ते चिडेल, झोप मोडली म्हणून चार शिव्या घालेल. त्या ऐकून घ्या, आणि विचारा, आज भाजी काय होती.